दोन कड्यांचं पातेलं

लातूर, ११ जून २०२४

पाळकीणबाईंना साखराबाईचा सलाम.

तुमचं पातेलं इथंच राहिलंय. ते घेऊन जायची व्यवस्था करा.

कोणतं म्हणून विचारू नका. मोठं, जर्मनचं, दोन कड्यांचं. ट्रकात तुमचं सगळं चढलं. शिलाई मशीन चढलं, कोंबड्यांचं खुराडं चढलं, फुटकी कुंडीसुद्धा चढली. पातेलं तेवढं चर्चच्या मागच्या भिंतीपाशी पालथं पडलंय. विसरलं म्हणावं तर तुम्ही विसरणाऱ्यातल्या नाही.

फोन केले, तुम्ही उचलत नाही. उचलला असता तरी मी ओरडले असते आणि तुम्ही ठेवला असता. म्हणून कागद. माझी शाळा चौथीची. पुढचं वाचायला मी पवित्र शास्त्रावरच शिकले. तेव्हा अक्षरात चुका सापडतील, बोलण्यात सापडणार नाहीत.

इथं लोक म्हणून राहिलेत की साखराबाईच्या तोंडामुळं पाळकसाहेबांची हदगावला बदली झाली. तुम्हालाही तसंच वाटत असेल तर सांगते. बदल्या बिशपसाहेब कॉन्फरन्समध्ये करतात. गंजगोलाईत मेथी-चुका विकणारी बाई करत नाही. माझं तेवढं चालत असतं तर मी आधी आमच्या कमिटीच्या माणिकप्पा मास्तरांना कुठंतरी लांब पाठवलं असतं.

चर्चच्या सभेत मी बोलले ते खरं होतं. दर बुधवारी तुम्ही दवाखान्याच्या फाटकावर पेशंटच्या माणसांना खिचडी वाटायच्या आणि अर्धं पातेलं परत यायचं. परत आणताना एका कडीला तुम्ही, एका कडीला मी. वजन मलाही कळत होतं. म्हणून म्हटलं, ही खिचडी माणसं खात नाहीत, कुत्री खातात, बंद करा. तुम्ही पदर तोंडाला लावून उठलात. आमचे हे म्हणतात, एवढ्या लोकांत बोलायचं नव्हतं. ते चर्चची घंटा वाजवतात, कधी काय वाजवायचं त्यांना बरोबर कळतं.

निघताना सगळ्या बायांना सलाम केलात. मी फाटकापाशीच उभी होते. असो.

पातेल्याचं कळवा. जागा अडवून राहिलंय.

साखराबाई


लातूर, ९ जुलै

पाळकीणबाई, सलाम.

तुमचं उत्तर नाही. पातेलं अजून पालथंच आहे. परवा त्याच्यावर एक बाई बसलेली सापडली, ती हकीकत लिहिते.

दुपारी बाजारातून आले तर चर्चच्या मागून धूर. नवे पाळक अमरनाथ आत सुरात म्हणायची गाणी बसवून राहिले होते, ते खोकत बाहेर आले. पोरगा बरा आहे, पण वय कमी आणि आवाज मोठा. मला म्हणाले, "साखरामावशी, बघा ना कोण आहे." म्हणजे भांडायचं असलं की मी.

मागं जाऊन बघते तर साठीची एक बाई. पांढरा विभूतीचा पट्टा कपाळाला, गळ्यात लिंगाची डबी. तीन दगड मांडले होते, वर तवा, आणि स्वतः तुमच्या पातेल्यावर बसून भाकरी थापत होती.

मी म्हटलं, "ओ बाई, ही चर्चची जागा हाय."

ती मान वर न करता म्हणाली, "देवाचीच हाय न्हवं? मग त्याला बोलू दे की."

तिचं नाव गुरम्मा. उदगीरची. पोरगा संगमेश्वर मे महिन्यापासून दवाखान्यात आहे. टेम्पोखाली पाय गेला, सळई घातली, ती पिकली, परत काढली, परत घातली. दवाखान्याच्या आवारात चूल पेटवू देत नाहीत, आत ऑक्सिजनच्या नळ्या असतात, ते बरोबरच आहे. बाहेर रस्त्यावर पेटवली तर हातगाडीवाले उठवतात.

मला राग आला. मे महिन्यात तर आपली खिचडी चालू होती. मी विचारलं, "बुधवारी फाटकावर फुकट खिचडी मिळत होती, तवा काय तोंड शिवलं होतं?"

"त्या पातेल्यातली? बेडव्वा." तिच्या बोलण्यात मधीच कानडी येते, बेडव्वा म्हणजे नको बाई. "ताट घेऊन उभी राहिले मी. भूक लई होती. तर तुमचा एक म्हातारा मास्तर मागनं म्हणतोय, नाताळाला या, ह्याच पातेल्यात असं मटण होतंय की बोटं चाटाल. मी ताट तसंच खाली केलं. माझ्या मागच्या चार बायांनी बी केलं."

पाळकीणबाई, आता तुम्हीच बघा. आपल्या प्रीतिभोजनाचं मटणाचं पातेलं, त्यातच बुधवारची खिचडी. घासून घासून त्याला आरशासारखं करायच्या तुम्ही, पण मास्तरांचं तोंड कोण घासणार? खिचडी वाईट नव्हती. तुमच्या हातालाही काही झालेलं नव्हतं.

पुढं गुरम्मा म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते. "आमच्याकडं पीठ हाय. गावाकडनं दर आठ दिवसाला येतंय. पीठ समद्यांकडंच हाय. चूल न्हाई."

मी तिला हाकललं नाही. तिच्या तुराट्या ओल्या होत्या, धूर चर्चमध्ये जात होता, म्हणून आमच्या घरच्या वाळक्या आणून दिल्या. दुसरं काही कारण नाही.

साखराबाई


लातूर, १८ ऑगस्ट

पाळकीणबाई,

तुमचं कार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड आणि त्यावर एक ओळ. "पातेलं मोडीत घाला."

मोडीत घालणार नाही. सध्या ते मोकळं नाही.

झालं असं. गुरम्माचं बघून रेणापूरची एक बाई आली, तिच्या सुनेचं सिझर झालेलं. मग अजून दोघी आल्या. आता मागच्या भिंतीला चार चुली आहेत. सकाळी भाकरी, सांजच्याला भाकरी. ज्याचं पीठ त्याचा हात. आपण कुणाला काही शिजवून देत नाही. जागा, दगड, तुराट्या, एवढंच. तुराट्या आपल्या मंडळीतल्या बाया आळीपाळीनं आणतात. पहिल्यांदा नाही म्हणाल्या. मी त्यांच्या दारात जाऊन बसले.

रेणापूरची बाई रडून राहिली होती की बाळाला आंघोळ घालायला ऊन पाणी नाही. म्हणून मी तुमचं पातेलं उलटं होतं ते सुलटं केलं, राखेनं आणि चिंचेनं घासलं, आणि पाणी ठेवलं. आता ते पहाटेपासून चुलीवरच असतं. बाया बादल्या घेऊन रांगेत उभ्या राहतात. गुरम्मासुद्धा घेते. मी तिला टोचलं, "आता मटण आडवं येत न्हाई व्हय?"

म्हणाली, "अंग धुवाया चालतंय. अंग काय चव घेत न्हाई."

ते पातेलं एकटीला उचलत नाही. ह्यांची पाठ धरलीय. मी रिकामं ओढत नेते आणि मग तांब्यानं भरते. लई वेळ जातो.

आता मुठीचं सांगते. तुम्ही महिला मंडळात किती डोकं फोडलं होतं त्याच्यावर. जुन्या बायांची रीत, भाकरी थापायच्या आधी एक मूठ पीठ सेवाकार्याच्या डब्यात टाकायची. सगळ्यांनी ती सोडली, मीही सोडली होती. तुमच्या त्या डब्याचं झाकणसुद्धा गंजलं होतं. तर आता तो डबा भरतोय, आणि भरणाऱ्या आपल्या नाहीत. पेशंट घरी निघाला की बाई उरलेलं पीठ चुलीपाशी ठेवून जाते. दवाखान्यातलं पीठ घरी न्यायचं नसतं म्हणे, दुखणं मागोमाग येतं. ज्यांचं गावाकडून आलेलं नसतं त्यांना त्यातलं मिळतं. तुमचा हा डबा चुलीपाशी मी नेला नाही. गुरम्मानं नेऊन ठेवला. मी फक्त झाकण घासलं.

अमरनाथ पाळक म्हणाले की तुमच्या पाळकसाहेबांचा, सुदर्शन पाळकांचा, फोन आला होता. तुम्ही हदगावात घराबाहेर पडत नाही, भक्तीला येता आणि घरी जाता. मंडळीतल्या बाया बोलवायला आल्या तर म्हणालात, माझ्या हातून काही होत नाही.

हे खोटं आहे. सध्या माझ्याकडं भांडायला वेळ नाही, म्हणून एवढंच लिहिते.

साखराबाई


लातूर, ६ ऑक्टोबर

पाळकीणबाई,

वाईट बातमी आधी. चुली उठणार.

माणिकप्पा मास्तर. दुसरं कोण. सत्तावीस तारखेला पिकाच्या उपकारस्तुतीचा सण आहे, पाळकांच्या वरचे सुपरिंटेंडेंटसाहेब येणार आहेत, चर्चला नवा रंग दिलाय आणि मागची भिंत धुरानं काळी झालीय. आज भक्तीनंतर कमिटी बसली. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "ही प्रभूची वेदी आहे की एसटी स्टँड?"

मी म्हटलं, "मास्तर, भिंत चर्चच्या मागं हाय. साहेब पुढनं येतात."

"साखराबाई, विषय भिंतीचा नाही, शिस्तीचा आहे. कोण येतं, कोण जातं, काही पत्ता नाही. उद्या कुणी म्हणेल, ह्यांनी भाकरीचं आमिष दाखवलं."

"भाकरी त्यांचीच हाय. आमिष कशाचं, दगडाचं?"

लोक हसले. मास्तर हसले नाहीत. तेव्हा अमरनाथ पाळकांनी मधला रस्ता काढला, की चुली राहू द्याव्या पण पेटवायच्या आधी सगळ्यांना उभं करून एक लहान प्रार्थना घ्यावी, म्हणजे सेवाकार्य दिसेल. मी म्हटलं, "पाळकसाहेब, तवा तापला की आमेनसाठी थांबत नाही. आणि भुकेल्या माणसाला आधी उभं केलं तर तो देवाला काय सांगेल ते मला ऐकवणार नाही." ते लाल झाले. माणूस वाईट नाही, सांगितलं की ऐकतो.

पण हात वर करायची वेळ आली तेव्हा माझ्या बाजूनं हात कमी आले. ज्या बाया रोज तुराट्या आणतात, त्यांचे नवरे मास्तरांच्या शाळेत शिकलेले. सणाच्या आधी शनिवारी जागा साफ करायची, नंतरचं नंतर बघू, असं ठरलं. "बघू" म्हणजे नाही. ह्या मंडळीत माझा जन्म गेला, मला कळतं.

मागं जाऊन गुरम्माला सांगितलं. मला वाटलं ती तोंड सोडील. ती तव्यावरची भाकरी उलटत राहिली. मग म्हणाली, "तू तरी काय करशील यव्वा. तुझ्या एकटीची थोडीच हाय." मला ते तोंड सोडण्यापेक्षा जास्त लागलं.

आमचे हे म्हणतात, पाळकीणबाईंना माफीचं लिही. मी म्हटलं, कशाची? ते म्हणाले, लिहायला लागलीस की सापडेल. एवढं लिहिलं, अजून सापडली नाही. पण एक सांगते, तुम्ही असता तर आज हात जास्त आले असते. तुमच्याकडं बघून लोकांना हात वर करावासा वाटतो, माझ्याकडं बघून खाली घ्यावासा वाटतो.

साखराबाई


लातूर, २८ ऑक्टोबर

पाळकीणबाई,

बसून वाचा.

शनिवारी मी दगड उचलले. माझ्याच हातानं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. चुलीचे सगळे दगड संडासामागं टाकले, राख झाडली, भिंतीला चुना मारला. पातेलं परत पालथं घातलं. त्या दिवशी बायांनी वडापाव खाल्ला. रेणापूरच्या बाईसारखीच एक नवी आली होती, बाळासाठी ऊन पाणी मागत. चहाच्या टपरीवरून एक तांब्या आणून दिला.

काल सण. चर्च भरलं होतं. वेदीपुढं भोपळे, सोयाबीनची पोती, हायब्रीडची कणसं, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. सुपरिंटेंडेंटसाहेब पुढं खुर्चीवर. अर्पणाचं गीत चालू होतं, लोक एकेक करून आपलं पीक नेऊन ठेवत होते.

तेवढ्यात मागच्या दारातून गुरम्मा आत आली. चपला बाहेर काढल्या होत्या. हातात पिशवी. तिला काय माहीत आपली भक्ती कशी असते. लोक धान्य घेऊन पुढं चाललेत, ती त्यांच्या मागं रांगेत लागली. मी हातानं खुणावलं, ती कुठली बघतेय.

वेदीपुढं आली आणि गीत म्हणणाऱ्यांच्या आवाजावर आवाज काढून म्हणाली, "माझं पीठ उरलंय. पोराला सोडलंय घरी. दवाखान्यातलं पीठ घरी नेऊ नये. चुलीपाशी ठेवाया गेले तर चूल न्हाई, डबा न्हाई. इथं ठेवू का?"

गीत थांबलं. पेटी तेवढी वाजत राहिली, वाजवणाऱ्याला कमी ऐकू येतं.

साहेब उठून उभे राहिले. त्यांनी तिच्या कपाळाचा पट्टा बघितला, गळ्यातली डबी बघितली. मास्तर पहिल्या बाकावर, कोट घालून. साहेबांनी त्यांना विचारलं, "मास्तर, ह्या बाई कुठल्या मंडळीतल्या?"

पाळकीणबाई, मी मास्तरांचं तोंड मागून बघू शकले नाही, मान तेवढी दिसली. घाम आलेला. मी तोंड उघडलं होतं, आमच्या ह्यांनी माझा हात दाबला. लई जोरात दाबला. अजून दुखतोय.

मास्तर म्हणाले, "आमच्या..." आणि थांबले. गुरम्मा त्यांच्याकडं बघत होती, पिशवी पुढं धरून. मग ते म्हणाले, "आमच्या चुलीवरच्या आहेत, साहेब."

"चुली कुठं आहेत?"

"मागं आहेत."

मागं काय होतं? चुना होता. पण बोलून गेले.

साहेबांनी स्वतः पिशवी घेतली आणि भोपळ्याशेजारी ठेवली. म्हणाले, भक्ती झाली की चुली बघू. मग प्रार्थना लागली, शेवटची, लांबलचक. अमरनाथ पाळकांनी ती मुद्दाम लांबवली असं माझं मत आहे, ते विचारलं तर हसतात. त्या प्रार्थनेत मास्तर बाकावरून उठले, कोटासकट संडासामागं गेले आणि दगड वाहायला लागले. मी बाहेर आले तर दोन चुली मांडून झाल्या होत्या, वाकड्या. मी म्हटलं, "मास्तर, तोंड वाऱ्याकडं करत्यात का चुलीचं? अशानं धूर भिंतीवरच जाईल."

म्हणाले, "मग आधी सांगायचं." मी दगड फिरवून दिले.

साहेबांनी बघितलं. काही भाषण केलं नाही. पातेल्यातलं पाणी किती वेळात तापतं ते विचारलं. चुली राहणार. मागच्या भिंतीला रंग द्यायचाच नाही असं मास्तरांनी स्वतः ठरवलं, आणि कालपासून जो येईल त्याला नेऊन चुली दाखवतात, जशा काही त्यांच्या आईनं लग्नात दिल्या.

गुरम्मा जाताना त्यांना म्हणाली, "मास्तर, मटणाचं कुणाला बोलू नगा. उपाशी मरतील माणसं." मास्तरांना काही कळलं नाही. मीही सांगितलं नाही.

हे सगळं मी तुम्हाला का लिहिते? डबा तुम्ही मांडला होता. पातेलं तुम्ही सोडून गेलात. तुमच्या हातून काही होत नाही असं परत म्हणालात तर मी हदगावला येऊन सांगेन, आणि माझा आवाज तुम्हाला माहीत आहे.

साखराबाई


लातूर, ५ डिसेंबर

पाळकीणबाई, सलाम.

तुमचं पत्र आलं. या वेळी पानभर. ह्यांनी मोठ्यानं वाचलं, मी भाजी निवडत ऐकलं, मग मी परत एकटीनं वाचलं.

तर तुम्ही गेलात. हदगावच्या दवाखान्यापुढं जाऊन बसलात आणि शिजवलेलं काही नेलं नाही. नुसतं विचारलं. चांगलं केलंत. आणि त्या बाया काय म्हणाल्या, तर पीठ-भाकरीचं जमतं, पाव्हणेरावळे आणून देतात, बाळंतिणीला ऊन पाणी नाही. इथं चूल नव्हती, तिथं पाणी नाही. विचारल्याशिवाय कळलं असतं का? हदगावात पऱ्हाटीचा काय तोटा, कापूस निघाला की शेतोशेती उभीच असते. जळणाची फिकीर नाही.

आता तुम्ही लिहिलंय की पातेलं पाठवा.

पाठवणार नाही. त्याच्यात आता माझा हात बसलाय. कुठं पोचा आहे, कोणती कडी ढिली आहे, मला अंधारात कळतं. आणि मोडीत घाला असं तुम्हीच लिहिलं होतं, ते कार्ड माझ्याकडं आहे.

पण ऐका. मागच्या आठवड्यात उदगीरहून संगमेश्वर आला. कुबडी घेऊन, पण स्वतःच्या पायानं. त्यांचं भांड्यांचं दुकान आहे, मला माहीतच नव्हतं. गुरम्मा इतके महिने माझ्याशी भांडली पण हे कधी बोलली नाही. टेम्पोतून पातेलं उतरवलं, स्टीलचं, नवं कोरं. गुरम्मा शेजारी उभी राहून म्हणाली, "ह्यात मटण शिजवायचं न्हाई. शपथ घे."

मी म्हटलं, "आमच्या शास्त्रात शपथ घेऊ नका असं लिहिलंय."

"मग नुसतं हो म्हण."

म्हटलं. मास्तर शेजारी होते, त्यांच्याकडूनही म्हणवून घेतलं.

ते नवं पातेलं हदगावला. गुरम्माला विचारलंय. ती म्हणाली, "जिथं पाणी न्हाई तिथं ने, मला काय विचारतीस." तेव्हा हेही नीट लक्षात ठेवा, तुमच्या पाळकसाहेबांनाही सांगा. नाताळाच्या मटणाला दुसरं भांडं बघा.

ते एसटीच्या पार्सलात टाकणार होते. मग म्हटलं, पोचा पडला तर गुरम्माला काय तोंड दाखवू. म्हणून मीच घेऊन येते. चार दिवस भाजीच्या पाटीवर हे बसतील, घंटा मास्तर वाजवतील, त्यांना हौस आहे. बुधवारी सकाळच्या गाडीनं नांदेड, तिथून हदगावची गाडी. कंडक्टर पातेल्याचं तिकीट मागेल. मागू दे.

आल्यावर मी काय बोलेन ते मला आत्ता माहीत नाही. आमचे हे म्हणतात, वाटेत विचार कर. वाटेत मी पातेलं सांभाळणार आहे, विचार कधी करू?

दुपारपर्यंत स्टँडवर या. पाळकसाहेबांना पाठवू नका, मंडळीतल्या कुणाला पाठवू नका. तुम्हीच या. ह्यालाही दोनच कड्या आहेत.

साखराबाई